जुळे सोलापुरातली लॉनवाली पोरं : एक अख्खा उन्हाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

लॉन लावून झाली की पहिले दोन महिने सगळंच हिरवं दिसतं आणि माणूस खूश होऊन पाच स्टार देऊन मोकळा होतो, म्हणून मी ठरवलेलं की सोलापूरचा एक मे महिना गेल्याशिवाय या पोरांबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. आता जून लागलाय, दोन पाऊस पडून गेले, आणि लॉन जिवंत आहे. म्हणून लिहितेय.

दोघं मावसभाऊ आहेत. थोरला चार वर्षं पुण्यात एका लँडस्केपिंगवाल्याकडे कामाला होता, आयटी कंपन्यांच्या आवारातल्या हिरवळी सांभाळायचा, आईच्या आजारपणामुळं परत आला. धाकट्यानं कृषी पदविका केलीय. दीड वर्षापूर्वी दोघांनी मिळून बागेची आणि लॉनची कामं घ्यायला सुरुवात केली, धंद्याचं नाव अजून ठरलेलं नाही, बोर्ड नाही, कार्ड नाही, एक जुनी मोटरसायकल आणि सेकंड हँड घेतलेलं गवत कापायचं मशीन एवढ्यावर चाललंय, माती-रोपं आणायची असली की छोटा हत्ती भाड्यानं करतात. मला शेजारच्या गल्लीतल्या वहिनींनी नंबर दिला.

आधीचं दुखणं सांगितल्याशिवाय यांचं काम कळणार नाही. आमच्या घरापुढं साधारण ९०० चौरस फूट मोकळी जागा आहे. तीन वर्षांपूर्वी एकाकडून मार्च महिन्यात ती सगळी लॉन करून घेतली होती. त्यानं काय केलं, तर आमच्या काळ्या मातीवर दोन बोटं तांबडी माती पसरली, वर तयार गवताच्या कार्पेटचे तुकडे टाकले, पैसे घेतले आणि गेला. एप्रिल संपता संपता खालच्या काळ्या मातीला भेगा पडल्या, मुळं खाली गेलीच नव्हती, मे मध्ये तर सतरंजी गुंडाळावी तशी लॉन हातानं उचलून येत होती. बत्तीस हजार रुपये होते ते. आमच्या ह्यांनी नोकरी लागल्यापासून बाजूला टाकलेल्या पैशातले. मला पैशापेक्षा त्या दोन महिन्यांत ओतलेल्या पाण्याचं जास्त लागलं, कारण महापालिकेचं पाणी आपल्याकडं तेव्हा चार-पाच दिवसाआड यायचं हे मी काय सांगायला पाहिजे, आणि उरलेले दिवस बोअरवर.

म्हणून गेल्या एप्रिलमध्ये या पोरांना बोलवलं तेव्हा मी आधीच घाबरलेली होते. थोरल्यानं टेप लावून जागा मोजली, कुदळीनं एक खड्डा काढून माती बघितली, बोअर किती वेळ चालते विचारलं, दुपारी ऊन कुठवर येतं विचारलं. मग म्हणाला, "काकू, एवढी लॉन लावू नका. पाणी कुठनं आणणार?"

धंदा नवीन, गिऱ्हाईक समोर उभं, आणि हा पोरगा स्वतःचं काम कमी करायला सांगतोय. त्यानं वहीत मांडून दाखवलं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आपल्या उन्हाळ्यात लॉन हिरवीगार ठेवायची तर रोज पाच-सहा मिलिमीटर लागतंच, ९०० फूट म्हणजे ८४ चौरस मीटर, म्हणजे रोजचं सव्वाचारशे ते पाचशे लिटर. महिन्याला पाच हजार लिटरचे तीन टँकर झाले की. हे मला आधीच्या माणसानं एकदाही सांगितलं नव्हतं. शेवटी ३५० फूट लॉन ठरली, घराच्या पूर्वेला जिथं दुपारनंतर घराची सावली येते तिथं, बाकीच्या जागेत शहाबादी फरशीचे तुकडे टाकून पायवाट, कडेनं मोगरा, कण्हेर, जास्वंद, गेटवर बोगनवेल, आणि कडुनिंबाखाली नुसती खडी. कडुनिंबाखाली मला लॉन पाहिजे होती, तिथं खुर्च्या टाकून बसायची फार इच्छा होती, पण तो म्हणाला हरळीच्या जातीला थेट ऊन लागतं, झाडाखाली ती विरळ होत होत संपते. ऐकलं. आता खडीवर खुर्च्या टाकतो आणि तिथं चिखल होत नाही.

दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये काम करायला त्यांनी चक्क नकार दिला. मृग लागल्यावर, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावरच लावू म्हणाले. पण मधल्या काळात गप्प बसले नाहीत आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. जागेला पाणी दिलं, तण उगवू दिलं, उपटलं, परत पाणी, परत तण, परत उपटलं. आमच्याकडं लव्हाळा फार आहे. लव्हाळा वरून ओढला की नुसतं पातं हातात येतं आणि खाली गाठीला गाठ लागलेली असते, ती राहिली की आठ दिवसांत परत वर. त्यांनी गावाकडनं दोन मावश्या आणल्या होत्या, खुरपं घेऊन बसल्या आणि गाठी वेचून वेचून घमेल्यात टाकल्या, दोन दिवस तेच काम. त्यातल्या एक मावशी कन्नड बोलायच्या, माझ्या सासूबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, दोघींचं असं जमलं की शेवटच्या दिवशी शेंगाची चटणी बांधून दिली त्यांना.

मग माती. काळी माती नऊ इंच खोल काढली, कारण ती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगून पाणी धरून बसते, मुळं एकदा तुटतात आणि एकदा कुजतात. त्या जागी तांबडी माती, वाळू, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड. शेणखताचा एक ट्रॉलीभर माल धाकट्यानं परत पाठवला, अर्धवट कुजलेला होता, म्हणाला यातनं हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि तणाचं बी येतं ते वेगळंच. ट्रॉलीवाल्याशी अर्धा तास वाद घातला. दोरी लावून, फळी ओढून लेव्हल केली, उतार घराकडनं गेटकडं ठेवला. जुलैमध्ये सिलेक्शन नंबर वन जातीच्या गवताची लॉन आली. मेक्सिकन पाहिजे का विचारलं होतं त्यांनी, ती दिसायला गादीसारखी असते हे खरं, पण सिलेक्शन हरळीच्याच घरातली, आपल्या उन्हाला टिकते. पुणे-सोलापूर हायवेवर सोरतापवाडी, उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांतनं माल येतो, रात्री गाडी भरून पहाटे उतरवली आणि दुपारच्या आत सगळी लावून, रोलर फिरवून, पाणी देऊन मोकळे. गुंडाळलेली लॉन उन्हात दिवसभर पडली की आतनं तापून पिवळी पडते म्हणून रात्रीचा प्रवास. ज्यांना कुणाला हा धंदा सुरू करायचाय त्यांनी ही एक गोष्ट लिहून ठेवावी, सकाळी गाडी निघाली तर माल वाटेतच अर्धा जातो.

पैशाचं बोलायचं तर लॉनचा भाग चाळीस रुपये फुटानं पडला, माती-खत-मजुरी सगळं धरून. आधीच्यापेक्षा फुटामागं महाग आहे. पण ३५० फुटाचे चौदा हजारच झाले. रोपं, फरशी, ठिबक वेगळं. महिन्याचे बाराशे देते, त्यात आठवड्याला एक फेरी.

आता चुका. यूरियाचा प्रकार मी लपवणार नाही. ऑक्टोबरमध्ये धाकटा एकटा आला, भर बारा वाजता हातानं यूरिया फेकला, तोही जास्त. माझ्या ३५० फुटाला तीनशे ग्रॅम पुष्कळ होतो आणि यानं अर्ध्या किलोच्या वर टाकला. नंतर पाणी सोडायचं तर लाईट गेली, मोटर चालेना, आणि तो तसाच पुढच्या कामाला निघून गेला. संध्याकाळपर्यंत हात फिरला तसे तांबडे पट्टे उठले. मला रडू आलं, परत तेच होणार वाटलं. रात्री थोरला आला, टॉर्च लावून बघितलं, माफी मागितली, दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून भरपूर पाणी पाजलं आणि जळालेल्या जागी कडेची लॉन काढून छोटे छोटे तुकडे बसवले. पैसे घेतले नाहीत. दीड महिन्यात भरून आली. आता यूरिया वाळूत मिसळून, संध्याकाळी, आणि आधी मोटर चालू करून बघतात.

दुसरी गोष्ट, गेटबाहेरचं गवत ब्रश कटरनं कापताना एक खडा उडून खिडकीच्या काचेवर बसला. काच त्यांनी भरून दिली. पण मला काचेचं काही नाही, त्या पोराच्या डोळ्यावर चष्मा नव्हता. तो खडा डोळ्यात गेला असता तर? मी तेव्हाच सांगितलं की मशीनचा पुढचा हप्ता नंतर भरा, आधी दोघांसाठी गॉगल, बूट आणि कानाला लावायचं घ्या. घेतलेत. घालतात का ते मी खिडकीतनं बघते.

तिसरी आणि अजून न सुधारलेली, तारखा. गुरुवारी येतो म्हणतात आणि शनिवारी उगवतात, फोन उचलत नाहीत कारण मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर दोन आठवडे फिरकले नाहीत. थंडीत हरळी वाढतच नाही फारशी म्हणून नुकसान काही झालं नाही, पण एक मेसेज टाकायला काय जातं? बाळांनो, हे वाचत असाल तर ऐका, काम तुमचं चांगलं आहे, गिऱ्हाईक तुम्ही फोनवर घालवाल.

आणि कागद. पहिलं कोटेशन वहीच्या पानावर होतं, त्यात माती किती इंच, खत किती, लॉन मेली तर कोण भरणार, काहीच नाही. आमच्या ह्यांनी बसवून लिहून घेतलं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाईन फुकट होतं, तरी एका एजंटानं या पोरांकडनं दीड हजार घेतले होते, ऐकून फार वाईट वाटलं. वर्षाला वीस लाखाच्या आत सर्व्हिसचा धंदा असला तर जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही हेही त्यांना माहीत नव्हतं, त्यासाठीसुद्धा कुणीतरी पैसे मागत होतं. सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज पन्नास हजारापर्यंत मिळतं, त्याचा अर्ज आता केलाय, त्यातनं एक चांगलं नवीन मशीन घेणार आहेत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडं हात चालणारी पोरं भरपूर आहेत आणि कागदापाशी अडतात.

कापणी मात्र एक नंबर. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापत नाहीत, उन्हाळ्यात मशीनची उंची वाढवतात, पातं दर पंधरा दिवसांनी धार लावून आणतात. बोथट पात्यानं गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी टोकं पांढरी दिसतात, हे मला आता लांबनं ओळखता येतं. एका कोपऱ्यात हातभर जागा न कापता सोडतात, सासूबाईंना गणपतीला दूर्वा काढायला. त्या कोपऱ्यात खतही टाकत नाहीत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकदा सासूबाईंना तिथं वाकून दूर्वा शोधताना थोरल्यानं बघितलं, तेव्हापासून चालू आहे.

मे महिन्याचं सांगते. पारा बेचाळीसच्या वर, बोअर अर्धा तास चालून बंद. मी फोन केला की लॉन पिवळी पडायलीय. थोरला म्हणाला, "पडू द्या काकू. हरळीची मुळी आहे ती, मरत नाही. आठवड्यातनं दोनदा पहाटे पाणी द्या, बाकीचं पाणी मोगऱ्याला." मला विश्वास बसेना, आधीचा अनुभव डोळ्यासमोर. रोज सकाळी जाऊन वाकून बघायचे, वरनं वाळलेलं दिसायचं पण ओढलं तर निघत नव्हतं, मुळं खाली घट्ट धरून होती. गेल्या आठवड्यात पाऊस झाला आणि पाचव्या दिवशी बुडातनं हिरवं फुटलं. सासूबाई काठी टेकत टेकत बाहेर आल्या बघायला.

पाचपैकी चार देते. एक तारखांसाठी कापला, सुधारले की तोही देईन. जुलैत लॉन लावायची असेल तर आत्ताच बोलवून जागा दाखवा, कारण तण काढण्यातच त्यांचे तीन-चार आठवडे जातात आणि ते केल्याशिवाय कार्पेट आणत नाहीत. होटगी रोड, सैफुल, विजापूर रोड एवढ्या भागात येतात, बाळे-शेळगीकडं अजून जात नाहीत कारण मोटरसायकलवर मशीन बांधून तेवढं लांब नेता येत नाही. आणि फोन दुपारी दीड ते अडीचमध्ये करा, तेव्हा जेवायला बसलेले असतात, मशीन बंद असतं.