हरवलेली माणसं शोधणारे चार गुप्तहेर: आधी कोणाकडे जावं?

मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' लागायचं, तेव्हा आमच्या घरात बोलणं थांबायचं. पडद्यावर एक फोटो, बहुतेक वेळा कुठल्यातरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून घेतलेला. त्यावर तो संथ आवाज: वय इतकं, उंची इतकी, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा शर्ट, मराठी व हिंदी बोलतो. आजी प्रत्येक चेहरा नीट निरखायची. न जाणो, मंडईत दिसलेला असायचा. मला मात्र एकच प्रश्न पडायचा, की यातलं कोणी सापडलं तर आपल्याला कळणार कसं? सापडल्याची बातमी पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

त्यामुळेच असेल, रहस्यकथेत मला खुनापेक्षा बेपत्ता माणसाची गोष्ट जास्त ओढून घेते. खुनाच्या गोष्टीत निदान प्रेत असतं, आणि खुनी पकडला की हिशेब मिटतो. इथे घरातली एक जागा रिकामी असते, एवढंच. ती शोधून भरायला येणारा माणूसही झुंजार किंवा काळा पहाडच्या जातीचा नसतो. बाबूराव अर्नाळकरांच्या त्या धडाडीच्या नायकांवर वाढलेल्या वाचकाला तो सुरुवातीला मिळमिळीत वाटण्याची शक्यता आहे. मोडलेला संसार, दारू, जुनी गाडी, तुटपुंजी कामं, आणि दार वाजवायला जाताना मनात धाकधूक की आत काय ऐकावं लागेल.

एका मैत्रिणीने परवा विचारलं, की या प्रकारातलं एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं घेऊ? तिला फोनवर दिलेलं उत्तर अर्धवट होतं, म्हणून आता नीट लिहितो. माझ्यासमोर चार पुस्तकं आहेत. रॉस मॅकडॉनल्ड यांचं 'द गॅल्टन केस' (1959), जेम्स क्रम्ली यांचं 'द लास्ट गुड किस' (1978), पात्रिक मोदियानो यांचं 'मिसिंग पर्सन' (मूळ फ्रेंच 1978) आणि जेम्स सॅलिस यांचं 'द लाँग-लेग्ड फ्लाय' (1992). चारही मी इंग्रजीतून वाचली. शेवट फोडणार नाही.

ज्याला रहस्यकथा म्हणजे रहस्याची उकल हवी, त्याने फार विचार न करता 'द गॅल्टन केस' उचलावं. श्रीमंत, आजारी म्हातारी आई. तिच्या मुलाने घरच्या पैशावर पाणी सोडून, घरच्यांना न पटणारं लग्न केलं आणि तो गेला. त्याला आता वीस वर्षांहून जास्त काळ लोटलाय. मरायच्या आधी त्याला एकदा भेटायचं, एवढीच तिची इच्छा. कॅलिफोर्नियातला खासगी गुप्तहेर लू आर्चर हे काम जवळजवळ नाइलाजाने घेतो, कारण इतक्या वर्षांनी हाती काय लागणार हे त्याला माहीत आहे. मग एक तरुण समोर येतो आणि म्हणतो, मी त्या बेपत्ता मुलाचा मुलगा. खरा वारस की तोतया? आपल्याकडे पानिपतानंतर तोतया सदाशिवरावभाऊ उभे राहिले होते, त्यामुळे हा पेच मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. घरचे लोक तोतयालासुद्धा का कवटाळू पाहतात, हेही नाही.

आर्चर बोलतो कमी, ऐकतो जास्त. अठरा कादंबऱ्यांत तो वाचकाला भेटतो आणि तरी त्याच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल फार थोडं कळतं. पोलिसात होता, बायको सोडून गेली, एकटा राहतो, बस्स. त्याची उदासी दुसऱ्यांच्या घरातून त्याच्या अंगाला लागलेली असते. मॅकडॉनल्ड यांचं खरं नाव केनेथ मिलर. जन्म कॅलिफोर्नियातला, पण बालपण कॅनडात गेलं, आणि वडील ते लहान असतानाच घर सोडून गेले. हे पुस्तक त्यांनी त्या जखमेतून लिहिलं. पुस्तक आलं त्याच वर्षी त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी काही दिवस बेपत्ता झाली, आणि कागदावर गुप्तहेर रंगवणाऱ्या या माणसाने खरे गुप्तहेर नेमून तिला शोधलं. ती सापडली. हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं. त्या म्हातारीच्या खोलीतला प्रसंग मला दुसऱ्यांदा फार जड गेला.

क्रम्लीचं पुस्तक याच्या अगदी उलट, आवाजाने भरलेलं. मोंटानातला गुप्तहेर सी. डब्ल्यू. शुग्रू व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला आहे. दारू पीत गावोगाव हिंडणाऱ्या एका लेखकाला शोधायला त्या लेखकाच्या घटस्फोटित बायकोने त्याला पाठवलंय. लेखक कॅलिफोर्नियातल्या एका पडीक बारमध्ये सापडतो, शेजारी बिअर पिणारा बुलडॉग. म्हणजे पहिलं हरवलेलं माणूस पहिल्याच प्रकरणात हाती लागतं. खरी गोष्ट सुरू होते ती त्या बारच्या मालकिणीपासून. तिची मुलगी दहा वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत, सिग्नलला थांबलेल्या गाडीतून उतरली आणि चालत गेली. पुन्हा कोणाला दिसली नाही. आई जवळचे थोडेफार पैसे पुढे करते आणि शुग्रू ते घेतो, कारण नाही म्हणणं त्याच्याने होत नाही.

पुढचं पुस्तक म्हणजे शेकडो मैलांचा मोटारप्रवास आहे. अमेरिकेच्या पश्चिमेचे डोंगर, स्वस्त मोटेलं, साठच्या दशकातल्या हिप्पी स्वप्नाचा उरलेला गाळ. वाक्यं सुंदर आहेत. शीर्षकसुद्धा क्रम्लीने रिचर्ड ह्यूगो या मोंटानातल्या कवीच्या एका कवितेतून घेतलं. पण तुम्हाला सावध करायला हवं. हिंसा भरपूर आहे, भाषा शिवराळ आहे, बेपत्ता मुलीचा माग अश्लील चित्रपटांच्या धंद्यातून जातो, आणि पानापानावर लोक पीत असतात. अमेरिकी बोलीही दाट आहे, त्यामुळे इंग्रजी वाचनाचा सराव नसेल तर दमायला होईल. हे सगळं सोसून मी ते पुस्तक जवळ ठेवतो ते एका गोष्टीसाठी. हरवलेल्या मुलीबद्दल जो तो बोलतो आणि प्रत्येकाच्या तोंडी निराळीच मुलगी असते. आईची वेगळी, मास्तरांची वेगळी, मित्राची वेगळी. शुग्रूसुद्धा तिला न भेटताच तिच्यात गुंतत जातो. शोधणाऱ्याचा हा धोका मी इतका उघडा दुसरीकडे पाहिला नाही.

त्याच 1978 साली, समुद्रापलीकडे, मोदियानोंनी हाच प्रश्न आतून पालथा केला. त्यांचा गुप्तहेर स्वतःच हरवलेला आहे. गी रोलाँ हे नाव आणि त्याची ओळखपत्रं त्याला त्याच्या मालकाने मिळवून दिली, कारण पॅरिसमधल्या त्या छोट्या एजन्सीत तो आला तेव्हा त्याला आपला भूतकाळ आठवत नव्हता. आठ वर्षं त्याने दुसऱ्यांची माणसं शोधली. 1965 साल, मालक निवृत्त होऊन दक्षिणेला निघालाय, एजन्सी बंद होतेय. हाताशी उरल्या आहेत भिंतीवरच्या शेल्फातल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. आता गीला एकच केस घ्यायची आहे, स्वतःची.

तपास कसा चालतो? तो कोणा अनोळखी माणसाकडे जातो. तो माणूस थोडं बोलतो, एखादा जुना डबा काढून देतो, डब्यात फोटो असतात. एका फोटोत मागे उभा असलेला उंच तरुण आपणच असू, असं गीला वाटतं. मग तो पुढच्या माणसाला विचारतो, मी याच्यासारखा दिसतो का? लोक हो म्हणतात, नाही म्हणतात, बहुतेक वेळा खांदे उडवतात. मध्येच एखादं प्रकरण म्हणजे नुसतं टिपण असतं: नाव, जन्मतारीख, पत्ता. हळूहळू सुगावा युद्धाच्या काळाकडे जातो, जर्मन अंमलाखालच्या पॅरिसकडे आणि स्वित्झर्लंडच्या बर्फाळ सरहद्दीकडे. मोदियानोंचे वडील ज्यू होते आणि त्या वर्षांत खोट्या ओळखीवर जगले. कागदावरचं नाव हेच तेव्हा जगण्या-मरण्याचं कारण होतं. म्हणून या कादंबरीत नाव-पत्त्याच्या त्या रूक्ष टिपणांतसुद्धा धडधड ऐकू येते.

यात एक प्रतिमा आहे, ती वाचल्यापासून मी घरचे अल्बम वेगळ्या नजरेने बघतो. समुद्रकिनाऱ्यावर लोकांनी काढलेल्या हजारो फोटोंत मागे एक माणूस उभा असतो. कोणालाच त्याचं नाव माहीत नसतं. एक दिवस तो फोटोंतून नाहीसा होतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण तसेच आहोत, असं गीच्या मालकाला वाटतं. 'आपण यांना पाहिलंत का?' निदान नावानिशी विचारायचं. इथे विचारणारंही कोणी नाही.

या कादंबरीला फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार मिळाला आणि मोदियानोंना 2014 साली नोबेल. त्या नावांना दबकून जाऊ नका. वाक्यं छोटी, इंग्रजी अनुवाद सोपा, पानं थोडी. अडचण वेगळीच आहे. 'मग तो कोण होता?' या प्रश्नाचं ठाम उत्तर हवं असणाऱ्याला पुस्तक फसवल्यासारखं वाटेल. माझ्या भावाने ते संपवून माझ्यासमोर आपटलं होतं. आम्ही दोघांनी त्यावर रात्री एक वाजेपर्यंत वाद घातला, आणि माझ्या मते पुस्तकाने आपलं काम केलं होतं.

आता सॅलिस. न्यू ऑर्लिअन्समधला लू ग्रिफिन कृष्णवर्णीय आहे आणि कथा 1964 मध्ये सुरू होते, ज्या वर्षी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. कायदा झाला म्हणून रस्ता बदलत नाही, हे त्याला रोज कळत असतं. गोऱ्या पोलिसासमोर हात कुठे ठेवायचे, कुठल्या बारमध्ये शिरायचं नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. लेखक स्वतः गोरा आहे हे मला पुस्तक संपल्यावर समजलं, आणि त्याने मी थोडा अस्वस्थ झालो हेही सांगतो. पण ग्रिफिन पानावर जिवंत आहे, यात मला शंका नाही.

पुस्तकाचे चार भाग: 1964, 1970, 1984, 1990. प्रत्येक भागात कोणीतरी नाहीसं झालेलं आहे. पहिल्यात चळवळीतली एक नामांकित स्त्री विमानाने न्यू ऑर्लिअन्सला यायला निघते आणि पोचत नाही. दुसऱ्यात खेड्यातून आलेले आईबाप आपल्या मुलीला शोधत ग्रिफिनच्या दारात उभे राहतात. त्यांचं ते बोलणं, शहरात परक्यासमोर घरची लाज उघडी करताना शब्द चाचपणं, मला आपल्या पोलीस चौकीत मिसिंग नोंदवायला आलेल्या माणसांसारखं वाटलं. मधल्या वर्षांत ग्रिफिन दारूत बुडतो, इस्पितळात जातो, प्रेमात पडतो, लिहू लागतो. आणि 1990 मध्ये त्याचा स्वतःचा मुलगा बेपत्ता होतो.

मला चौघांत सॅलिसच का सगळ्यात जवळचा, ते इथे आहे. आर्चर दुसऱ्याच्या दुःखाचा साक्षीदार राहतो, शुग्रू त्यात गुंततो, गी स्वतःमागे फिरतो. ग्रिफिन मात्र सव्वीस वर्षं टेबलाच्या एका बाजूला बसलेला असतो आणि शेवटी त्याला दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसावं लागतं. फोटो हातात घेऊन. एवढं सगळं सॅलिस दोनशेच्या आत पानांत करतो, आणि गाळलेल्या वर्षांबद्दल चकार शब्द न काढता ती वर्षं आपल्याला जाणवून देतो.

खोडही आहे. सुरुवातीलाच एक क्रूर प्रसंग आहे, ग्रिफिनच्या हातून घडणारा, आणि त्यामुळे पुढची पन्नास पानं त्याच्यावर विश्वास ठेवणं कठीण जातं. धागे सुटे राहतात. तपास म्हणून पाहिलं तर मॅकडॉनल्डच्या विणीपुढे हे विरळ कापड आहे. ग्रिफिनची एकूण सहा पुस्तकं आहेत, सगळ्यांच्या नावात एकेक कीटक, आणि पहिलं आवडलं तर बाकीची क्रमानेच वाचा. नाहीतर त्याच्या आयुष्यातली माणसं कधी आली, कधी गेली, याचा मेळ लागणार नाही.

तर घ्यायचं कोणतं? मैत्रिणीला मी आधी 'द गॅल्टन केस' पाठवलं, कारण ती अगाथा ख्रिस्ती वाचत मोठी झाली आहे आणि उकल न होता पुस्तक मिटलं तर तिला झोप येत नाही. माझ्या भावासारख्या वाद घालणाऱ्याला मोदियानो द्यावा. लांब प्रवासाला निघाला असाल, मजबूत पोटाचे असाल, तर क्रम्ली. ज्याच्या घरातून कोणी निघून गेलंय, त्याला मी स्वतःहून यातलं एकही पुस्तक देणार नाही. त्याने मागितलंच तर सॅलिस देईन, कारण त्यात कोणी खोटा धीर देत नाही.

मोदियानो आवडला तर पुढचं पुस्तकही सांगून ठेवतो, 'दोरा ब्रूदेर' (1997). ती रहस्यकादंबरी नाही, म्हणून या तुलनेत धरली नाही. 31 डिसेंबर 1941 च्या एका पॅरिसच्या दैनिकात आईबापांनी दिलेली जाहिरात मोदियानोंना अनेक वर्षांनी दिसली: मुलगी हरवली आहे, वय 15, उंची एक मीटर 55, चेहरा लंबगोल, डोळे करडे-तपकिरी, अंगात करडा कोट, मरून स्वेटर, निळा स्कर्ट आणि टोपी, पायात तपकिरी बूट. खाली बुलव्हार ऑर्नानोवरचा पत्ता. पुढल्या सप्टेंबरात त्या मुलीला, दोराला, नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीत पाठवण्यात आलं. मोदियानो पत्ता घेऊन त्या रस्त्यावर गेले आणि दारं शोधू लागले.