‘पंधरा दिवस हलणार नाही’ म्हणणाऱ्या सीलरने माझी कातडी सोलली

इलिओस्टॉमी म्हणजे ऑपरेशन करून लहान आतड्याचं तोंड पोटावर काढतात; त्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि मळ तिथून पोटावर चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो. ती झालेल्या माणसाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती गळतीची. नेमकी ती हेरून एकाने मला फसवलं. आणखी कुणाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून लिहितेय.

माझी बेसप्लेट, म्हणजे पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती, खालच्या बाजूने सुटायची. उपाय शोधत असताना एका माणसाने स्वतःहून संपर्क साधला. स्टोमा केअरचा तज्ज्ञ आहे म्हणाला, फोटो मागितला आणि लगेच निदान करून मोकळा झाला: "प्लेट चिकटत नाहीये, तुम्हाला स्ट्राँग सीलर लागेल." त्याचा सेट लावला की पंधरा दिवस प्लेट जागची हलणार नाही, अशी हमी दिली. पैसे मात्र सगळे आधी.

खोक्यात पेस्टची ट्यूब, पावडरची बाटली आणि रिंगांची (प्लेटखाली स्टोमाभोवती बसवायच्या मऊ, चिकट कड्यांची) पाकिटं होती. ट्यूबवर ना कंपनीचं नाव, ना घटक, ना बॅच नंबर. पेस्ट लावल्याबरोबर आग व्हायला लागली आणि थांबेचना. त्याला कळवलं तर म्हणे, "जळजळ होतेय म्हणजे ती मुरतेय, सहन करा." प्लेट काढायला गेले तर वरची कातडी तिच्याबरोबरच निघाली. खाली लालभडक, ओलसर जखम. त्यावर नवी प्लेट चिकटणार तरी कशी? गळती दुप्पट झाली.

शेवटी स्टोमा नर्सकडे गेले. त्यांनी आधी काढलेली प्लेट उलटी करून बघितली. मधल्या भोकापासून खालच्या कडेपर्यंत पांढरट, फुगलेला पट्टा होता. पाणी कुठून शिरतं ते तिथेच दिसत होतं. मग त्यांनी स्टोमाचं माप घेतलं. ऑपरेशननंतरचे सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो आणि प्लेटचं भोक त्याप्रमाणे लहान कापावं लागतं. स्टोमापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं. त्याहून जास्त कातडी उघडी राहिली की लहान आतड्यातून येणारे पाचक रस तिला जाळतात. शिवाय बसल्यावर माझ्या पोटाला स्टोमाच्या खाली घडी पडते, तिथे रिंग हवी होती. त्या 'तज्ज्ञा'ने माप विचारलं नव्हतं, मला बसवून पाहिलं नव्हतं, स्टोमा कोणत्या प्रकारचा हेसुद्धा विचारलं नव्हतं. याचा राग मला अजून येतो.

पेस्ट म्हणजे गोंद नव्हेच. खिडकीच्या फटीत लांबी भरावी तशी ती खळगे भरायला असते. चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच पेस्टमध्येही अल्कोहोल असतं, त्यामुळे सोललेल्या जागी ती झोंबते. तिथे अल्कोहोल नसलेली रिंग बरी. पण धड कातडीवर आग होतच राहिली तर लगेच काढा, कुणी काहीही सांगो. पावडर "रोज भरपूर मारा" हा त्याचा सल्लाही उलटाच होता. ती फक्त ओल्या, सोललेल्या जागेवर भुरभुरायची आणि उरलेली झटकून टाकायची. कोरड्या कातडीवर थर राहिला तर प्लेट धरतच नाही.

रिंगांचं प्रकरण तर सरळसरळ लबाडीचं. पाकिटावरच्या मुदतीच्या तारखेचा स्टिकर नखाने उचलला तर खाली छापलेली तारीख केव्हाच उलटून गेलेली. रिंग ताणली तर लांबायच्या ऐवजी कडेला तडकली. पैसे परत मागितल्यावर "उघडलेला माल परत घेत नाही" एवढं उत्तर आलं आणि नंतर फोन बंद.

तक्रार केली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. पाकिटं, दोन्ही तारखांचे फोटो आणि त्याचे मेसेज जपून ठेवलेत, तुम्हीही असं काही आलं तर फेकू नका. आणि नवीन रिंग किंवा पेस्ट घ्यायची असेल तर आधी नमुना मागा. कित्येक उत्पादक तो फुकट देतात. माझ्या घडीत कोणती रिंग बसते ते मला तशा नमुन्यांवरूनच कळलं.