ध्यानाचं ॲप, एक वर्ष वापरून: आवाज चांगला, गुण घातक

परवा ठाणे स्टेशनवर वाशी लोकलची वाट बघत होतो, तेवढ्यात मेसेज आला: ॲपचे वर्षाचे १,४९९ रुपये आपोआप कापले. तीन मेल केले, परताव्याचं नाव नाही. म्हणून लिहितोय.

मी ॲप झोपेसाठी घेतलं नव्हतं. बायकोजवळ गेलो की ताठरता टिकायची नाही, पहाटे मात्र सगळं व्यवस्थित. आधी डॉक्टरांना दाखवलं. साखर, बीपी, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. तुम्हीही हे आधी कराच, ताठरता न टिकणं ही कधीकधी हृदयविकाराची पहिली खूण असते. डॉक्टर म्हणाले, धास्तीने ॲड्रेनालिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० सालीच याला 'स्पेक्टेटरिंग' म्हटलंय. पलंगावर असतानाच आपण आपले प्रेक्षक होऊन बसतो. 'टिकतंय का? गेलं का?' माझं अगदी हेच.

आता ॲपची खोड. सत्र संपलं की शंभरपैकी 'शांततेचे गुण'. श्वासाकडे कमी, आज किती पडतील याकडेच माझं लक्ष. एकदा ४३ पडले आणि रात्री तेच ४३ डोक्यात घेऊन मी आडवा झालो. एक दिवस चुकला की साखळी तुटते, लाल ठिपका येतो. ज्याला परीक्षेचीच भीती, त्याची रोज परीक्षा! आणि हे बंद करायची सोय सेटिंगमध्ये कुठेच नाही.

तिसऱ्या महिन्यात एक तारा देऊन मोकळा होणार होतो. मत बदललं ते समुपदेशक बाईंमुळे. त्या म्हणाल्या, डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग तेवढं ऐका, आणि सत्र संपल्याची घंटा व्हायच्या आत फोन पालथा घाला, म्हणजे गुण दिसणार नाहीत. शिवाय तीन आठवडे संबंध बंद. नुसता स्पर्श, तोही सुरुवातीला छाती आणि गुप्तांग सोडून. याला सेन्सेट फोकस म्हणतात.

बायकोला हे सांगताना घसा कोरडा पडला. ती म्हणाली, "अरे, मला वाटायचं तुला मी आवडेनाशी झाले."

त्या रात्री तिचा तळहात माझ्या पाठीवर होता. तव्याचा जुना चटका बसलेली जागा जरा खरखरीत लागते, हे मला लग्नाच्या नऊ वर्षांनी कळलं. 'टिकतंय का' आलंच. आला विचार, एवढंच म्हणायचं आणि परत त्या खरखरीत जागेवर यायचं.

अजूनही एखाद्या रात्री जमत नाही. पण आता मी उठून बाथरूममध्ये जाऊन बसत नाही.

रेकॉर्डिंगला चार तारे, गुणांना शून्य. मला ती दहा मिनिटं पाठ झालीत, ऐरोली येईपर्यंत लोकलमध्येच होतात. ऑटोपे काल बंद केलं. पैसे परत आले तर इथेच कळवतो.