धरमपेठेतला शनिवारचा वादकट्टा: दीडशे रुपयांत आयर्लंड

नागपुरात धरमपेठेत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी इतिहासावर भांडायला बसवतात. तिकीट दीडशे रुपये, चहा आणि तर्रीपोहे धरून. महालातलं औषधाचं दुकान लवकर बंद करून मी तिथे जातो, यातच काय ते समजा.

या वेळी विषय होता 6 डिसेंबर 1921 चा आयर्लंड-इंग्लंड तह: शहाणपण की घात? बाजू आपण निवडायची नाही, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची. माझ्या चिठ्ठीत 'तहाच्या बाजूने' निघालं. आमच्या घरी तहाला विरोध करणारा आयरिश नेता डी व्हॅलेरा म्हणजे देव. पण उभं राहावं लागलं. ब्रिटनचा पंतप्रधान लॉईड जॉर्ज युद्धाची धमकी देत होता, तहावर सही करणाऱ्या मायकेल कॉलिन्सच्या मते हे पूर्ण स्वातंत्र्य नव्हतं पण तिथवर जायची वाट होती, आणि डी व्हॅलेरा स्वतः लंडनला वाटाघाटीला गेलाच नाही. हा शेवटचा मुद्दा मी जरा जोरातच हाणला. समोर लॉ कॉलेजची एक पोरगी होती. ती शांतपणे म्हणाली, डेलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेत, सहा बायका होत्या, सहाही जणींनी तहाविरुद्ध मत दिलं. आता याला काय बोलणार बावा?

गंमत म्हणजे तासभर तहातल्या, इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथेवरूनच जुंपली. उत्तरेकडचे सहा परगणे आयर्लंडपासून तुटून ब्रिटनकडे राहिले, त्यावर मोजून दोघं बोलले. संचालक म्हणाले, खुद्द डब्लिनच्या डेलमध्येही असंच झालं होतं. मग त्यांनी फळ्यावर 7 जानेवारी 1922 चा निकाल लिहिला: 64 विरुद्ध 57. "सातच मतं?" मागून आवाज आला. 1927 मध्ये डी व्हॅलेराने तीच शपथ निव्वळ पोकळ उपचार म्हणत सभागृहात पाऊल टाकलं, हे कळल्यावर आमच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. मध्येच एका काकांनी विदर्भ मराठी राज्यात आणण्याचा 1953 चा नागपूर करार काढला. आपल्याकडे हे व्हायचंच. संचालकांनी त्यांना न दुखावता गाडी परत रुळावर आणली, याचे मार्क वेगळे.

तक्रार एकच, पण मोठी. तहावरून आयरिश लोकांतच पेटलेलं यादवी युद्ध शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं. 28 जून 1922 ला तहाच्या बाजूच्या नव्या सरकारने, तहविरोधकांनी ताब्यात घेतलेल्या डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीवर तोफा डागल्या, शेजारच्या दप्तरखान्यातले शेकडो वर्षांचे कागद जळाले, ऑगस्टमध्ये कॉलिन्स मारला गेला. मग त्याच सरकारने कालपर्यंत सोबत लढलेल्या माणसांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. त्यांचा नेहमी सांगितला जाणारा आकडा 77. खरा वाद इथे पेटायला हवा होता, तर घंटा वाजली. वाटलेला नकाशाही इतका फिका की उत्तरेची सीमारेषा दिसेना.

पाचपैकी चार. पुढचा विषय 1845 चा बटाट्याचा दुष्काळ: निसर्गाचा कोप की लंडनचं धोरण? त्यातला, लंडनहून मदतकार्य सांभाळणारा अधिकारी ट्रेव्हेल्यन नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला, तेव्हा वाचून या. खुर्च्या कमी आहेत, आधी फोन करा आणि गाडी मागच्या गल्लीत लावा.