मर्लिन ॲप: शेटलंडच्या वाऱ्यात कितपत कामाचं?

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे आवाज किंवा फोटोवरून पक्षी ओळखणारं ॲप फुकट आहे आणि बागेतल्या नेहमीच्या पक्ष्यांसाठी उत्तमच. पण सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर पूर्वेकडून भरकटून येणारे पर्णवटवटे (पानांत वावरणारे चिमुकले हिरवट पक्षी) ओळखायचे असतील, तर त्याचा शब्द अखेरचा मानू नका.

ॲपमधला त्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचा पॅक आधीच वायफायवर उतरवून घ्या. मग आवाजावरून ओळख रेंज नसतानाही चालते. नावापुढचा लाल ठिपका म्हणजे पक्षी तिथे दुर्मिळ. तो दिसला की हुरळून न जाता खातरजमा सुरू करायची.

खरी कसोटी यलो-ब्राउड आणि ह्यूम या दोन पर्णवटवट्यांच्या जोडगोळीची. दोघंही जेमतेम १० सेंमी, डोळ्यावरची फिकट रेघ म्हणजे भुवई लांब, पंखावर दोन पट्टे. ह्यूम (काँग्रेसच्या स्थापनेतले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, त्यांच्याच नावाचा) हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत असतो, त्यामुळे इथे कान तयार झालेल्यांना तिकडे फायदा होतो. यलो-ब्राउडची साद बारीक, 'त्सु-ईस्ट', शेवटी झटकन वर चढणारी. ह्यूमची खालच्या पट्टीतली, जाडसर. ॲपमधल्या आवाजाच्या आलेखात ती शेवटची चढण स्वच्छ दिसते, म्हणून नावापेक्षा आलेख आधी बघा. कोल टिट हा दुसराच छोटा पक्षीही कधीकधी यलो-ब्राउडसारखाच किंचाळतो.

माइकवर वारा आदळला की सगळंच बुडतं. भिंतीच्या आडोशाला उभं राहा, फोनची माइकची बाजू पक्ष्याकडे धरा, गप्प राहा. दोन-चार सादा तरी मिळू द्या. एका सादेवरचं नाव पुढच्या सादेला बदलू शकतं. शेजारी कुणी फोनवर त्याच पक्ष्याचा आवाज वाजवत असेल, तर मर्लिन इमानदारीत तोही ओळखून दाखवेल!

फोटोवरून ओळख मात्र या जोडीपुरती कच्ची. ह्यूमची खालची चोच बहुतांशी काळी, पाय गडद, रंग मळकट. यलो-ब्राउडच्या चोचीचं बूड फिकट नारिंगी, रंग जास्त हिरवा आणि पंखाच्या आतल्या पिसांना ठळक पांढरी किनार. सायकमोर झाडाच्या पानाआडून काढलेल्या धूसर फोटोत यातलं काहीच उरत नाही, आणि ॲप तरीही नाव सुचवतं.

ध्वनिमुद्रण फोनमध्येच साठतं, वेव्ह फाइल बाहेर काढता येते. नोंद पाठवताना तीच जोडा; मर्लिनच्या पडद्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालत नाही.