रत्नागिरीच्या पडवीत प्रिम्युला: आठ महिन्यांनंतर

समुद्रकाठी राहत असाल आणि घाईत असाल, तर एवढंच वाचा: 'अल्पाइन प्रिम्युला' (उंच, थंड डोंगरांतली फुलझाडं) असं छापलेलं बियाण्याचं पाकीट घेऊ नका. मी घेतलं, सप्टेंबरअखेरपासून मेपर्यंत त्याच्या मागे लागले आणि आता पाचपैकी दोन तारे देतेय. त्यातला एक तारा विक्रेत्याने केलेल्या चुकीचा आहे.

पाकिटं दोन होती. एकावर 'डेंटिक्युलाटा', दुसऱ्यावर 'ऑरिक्युला'. पहिली हिमालयातल्या ओलसर कुरणांतली. एका दांड्यावर जांभळ्या फुलांचा गोल चेंडू धरणारी. दुसरी आल्प्समधली, चुनखडीच्या कपारीत राहणारी, पानं जाड आणि गुळगुळीत. दोघींना हिवाळाभर बर्फाखाली झोपायची सवय. आमच्याकडे जानेवारीत पहाटे अठरा-वीस अंश झाले की माणसं स्वेटर शोधायला लागतात.

बी खसखशीएवढं, काही त्याहूनही बारीक. रुजायच्या आधी त्याला थंडी लागते, म्हणून ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, मिसळून डब्यात भरलं आणि चार आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं, बांगड्यांच्या शेजारी. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "फ्रीजात माती कशाला गो?" हिवाळा आहे म्हटलं. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला.

ऑक्टोबरअखेर पेरणी केली. या बियांना उजेड लागतो, त्यामुळे वर माती टाकायची नाही. नुसतं पसरून हलकं दाबायचं. पाणी वरून ओतलं की बी वाहून जातं, म्हणून कुंडी ताटलीतल्या पाण्यात ठेवायची. मातीत कोकोपीट, चाळलेला जांभ्याचा चुरा आणि नदीची जाड वाळू घातली. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, पण तिच्यात मीठ असतं. ऑरिक्युलाच्या कुंडीत कालवांच्या शिंपल्या कुटून घातल्या, तेवढीच चुनखडी.

गारव्यासाठी जुन्या माठात ओली वाळू भरून तिच्यात कुंडी बसवली. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा सुटला की माठ छान गार पडायचा. दुपारी खारा वारा फिरला की हवेतच इतकं पाणी की माठातलं पाणी उडेना, आणि कुंडी तापायची. किनाऱ्यावर ही युक्ती अर्धाच दिवस चालते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

'डेंटिक्युलाटा'ची अकरा रोपं आली, ऑरिक्युलाची दोन. मग जानेवारीत मी मूर्खपणा केला. अकरांपैकी काही रोपांवर, पानांच्या मागे आणि देठांवर पांढरी भुकटी दिसली. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पाहून पाहून डोळ्यांना सवय झालेली. तेच समजून कडुनिंबाचं तेल फवारलं आणि कापडाने पुसलं. चार रोपं दोन दिवसांत माना टाकून बसली. ती भुकटी झाडाचीच होती. बऱ्याच प्रिम्युलांच्या बारीक ग्रंथी हे पीठ तयार करतात. ढेकूण असेल तर कापसासारखा पुंजका दिसतो आणि काडीने ढोसला तर हलतो. हे पीठ सारखं पसरलेलं असतं. पुसू नका.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं. (त्याला पाच तारे, बिनशर्त.) आणि भिंगाखाली पहिलं पाकीट खोटं निघालं. डेंटिक्युलाटाचं पान लांबट, चमच्यासारखं, बुडाकडे निमुळतं होत जातं. माझ्या रोपांची पानं गोलसर, मऊ लव असलेली, कडेला उथळ खाचा आणि खाली लांब स्पष्ट देठ. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन रोपं फुलली तेव्हा शंकाच उरली नाही. चेंडू नाही; दांड्यावर थोडं अंतर सोडून एकावर एक फुलांचे मजले. म्हणजे मॅलेकॉइडिस, प्रिम्युलाचीच वेगळी जात. ही मूळची चीनची, थंडीत एका हंगामापुरती कुंडीत लावायची. पाकीट खरं निघालं असतं तर मला एकही फूल दिसलं नसतं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "फूल आलं ना मॅडम?" आलं. म्हणून तो तारा.

ऑरिक्युला मात्र खरी होती. हे फुलाशिवाय कळतं: कोवळं पान उलगडताना पाहायचं. बहुतेक प्रिम्युलांच्या पानाच्या कडा मागच्या बाजूला वळलेल्या असतात. ऑरिक्युला आणि तिच्या जवळच्या युरोपीय बहिणींच्या आत वळलेल्या. माझी दोन रोपं नखाएवढी झाली आणि एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात गेली.

फुलात काय पाहायचं, तेही सांगते. एका दांड्यावरचं फूल उघडून पाहिलं तर नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखा स्त्रीकेसर, पुंकेसर खाली दडलेले. प्रिम्युलांच्या कितीतरी जातींत काही झाडांवर अशी आणि काहींवर नेमकी उलटी रचना असते. डार्विनने १८६२ मध्ये यावर निबंध छापला होता. पण मला जास्त आवडली ती दुसरी खूण. पुंकेसर पाच, पाकळ्या पाच, आणि प्रत्येक पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर नाही, तर पाकळीच्या बरोबर समोर. बहुतेक फुलांत हे उलटं असतं.

ही खूण डोक्यात असतानाच मार्चमध्ये भाच्याला घेऊन भाट्याच्या खाडीकडे गेले होते. काजळी नदीच्या मुखाशी खारफुटीत काजळा फुलला होता. लहानपणापासून पाहतेय: पांढऱ्या फुलांचे छत्रीसारखे झुबके, गोड वास, मधमाश्या, वाकड्या मिरचीसारखी फळं. सवयीने भिंग लावलं. पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, पाकळीसमोर पुंकेसर. घरी येऊन वाचलं तर काजळा प्रिम्युलाच्याच कुळातला! पूर्वी त्याचं कुळ वेगळं धरत. २००९ च्या वर्गीकरणात ते प्रिम्युलाच्या कुळात सामावलं. वावडिंगही त्याच कुळातलं. भाच्याला बाळपणी वावडिंग घालून उकळलेलं दूध मीच पाजलंय.

तर आल्प्सची नातलग आमच्या चिखलात, खाऱ्या पाण्यात उभी आहे. तिच्या पानांवरही पांढरं काहीतरी दिसतं, पण ते पीठ नव्हे, ग्रंथींतून बाहेर टाकलेलं मीठ. जिभेला लावून पाहा. आणि बी? ज्याला मी चार आठवडे फ्रीजमध्ये विनवलं त्याच कुळातलं हे बी झाडावर, फळाच्या आत असतानाच अंकुरतं.

कोकणात कुंडीतली प्रिम्युला हवीच असेल तर मॅलेकॉइडिस, थंडीपुरती, आणि ती उन्हाळ्यात जगेल ही आशा न धरता. रोपवाटिकेत ऑब्कोनिका नावाची प्रिम्युला दिसली तर हात सांभाळा. तिच्या लवेने काहींच्या कातडीला खाज आणि फोड येतात.

फ्रीजमधला डबा मे महिन्यात सासूबाईंनी घासून घेतला. आता त्यात आमसुलं आहेत.