‘मूळ कलाकार’ म्हणजे नेमके कोण?

जुन्या अमेरिकन कंट्री संगीताचा तीन सीडींचा एक संच मी अलीकडेच विकत घेतला. वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘मूळ कलाकारांची अजरामर गाणी’ असे छापलेले आहे. निर्मात्या कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण असे संच काढणारी ती एकटी नाही. गाण्यांची निवड जाणकाराने केलेली दिसते आणि क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. तरीही पहिली सीडी अर्धी होण्याआधीच काहीतरी खटकू लागले. आवाज जॉनी कॅशचाच होता, पण ‘आय वॉक द लाइन’ ज्या कोरड्या, खरखरीत ठेक्यावर चालते तो ठेकाच ऐकू येत नव्हता. पुस्तिका चाळली तेव्हा शेवटच्या पानाच्या तळाशी, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा अक्षरांत, ‘काही गाणी त्याच गायकांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली आहेत’ एवढे एक वाक्य सापडले. कोणती गाणी, ते कुठेच नाही. प्रत्येक गाण्यापुढे साल दिले आहे खरे, पण ते गाणे पहिल्यांदा गाजले त्या वर्षाचे आहे; म्हणजे कॅशच्या या गाण्यापुढे १९५६ छापलेले आणि कानावर मात्र कितीतरी वर्षांनंतरचे ध्वनिमुद्रण पडते.

तो ठेका काय होता, हे सांगायलाच हवे. १९५६ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सच्या सन स्टुडिओत हे गाणे झाले तेव्हा ड्रम वाजवायला कोणी नव्हते. ल्यूथर पर्किन्स विद्युत गिटारवर आणि मार्शल ग्रँट बासवर, एवढीच साथ होती. ड्रमची उणीव भरून काढण्यासाठी कॅशने आपल्या गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवला, त्यामुळे तारांवर हात फिरला की सूर दबून नुसती खसखस उरे. प्रत्येक कडव्याला पट्टी बदलते आणि नवी पट्टी पकडण्यासाठी कॅश मध्येच गुणगुणतो, त्या गुणगुणण्याखालीही ती कागदाची खसखस चालूच असते. कॅशने हे गाणे १९६४ मध्ये कोलंबिया या कंपनीसाठी आणि १९८८ मध्ये मर्क्युरी या कंपनीसाठी पुन्हा गायले. पर्किन्स तर १९६८ मध्येच गेला होता. संचातील गाण्यात ड्रम भरभक्कम आहेत, आवाज स्वच्छ आणि गुळगुळीत आहे, आणि ऐकताना ते १९८८ चेच वाटते. वाईट म्हणता येणार नाही असे ते गायन आहे, पण ज्या गाण्यासाठी मी पैसे मोजले ते हे नव्हे.

गायकांना मी दोष देत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे असे, आणि ठरावीक वर्षे तेच गाणे दुसरीकडे गायचे नाही असे कलम करारात असे. ती मुदत संपली की स्वतःच्याच गाण्यातून काही मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते पुन्हा गाणे. एव्हर्ली बंधू या गायकजोडीने १९६० मध्ये केडन्स कंपनी सोडून वॉर्नरशी करार केला आणि १९६४ मध्ये आपली जुनी गाजलेली गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली, ती याच वाटेने. वादकांची गत याहून वेगळी होती. त्यांना ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक बैठकीमागे वादकांच्या संघटनेने ठरवलेला मेहनताना मिळे. गाणे पुढे कितीही खपले तरी विक्रीत वाटा नसे. आणि बहुतेक वेळा वेष्टनावर त्यांचे नावही नसे.

माझी खरी तक्रार इथे सुरू होते. कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात पन्नास-साठच्या दशकांत ‘ए-टीम’ म्हणून ओळखला जाणारा मूठभर वादकांचा गट शेकडो गाण्यांना साथ करत होता: गिटारवर ग्रेडी मार्टिन, हँक गारलँड आणि हॅरल्ड ब्रॅडली, बासवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन, पियानोवर फ्लॉइड क्रेमर. तीन तासांची बैठक आणि तेवढ्यात साधारण चार गाणी, असा हिशेब होता. अनेकदा गाणे ते तिथेच पहिल्यांदा ऐकत आणि लिखित स्वरलिपीऐवजी कागदावर आकड्यांत मांडलेल्या कॉर्डवरून (एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटांवरून) काम चालवत. ही आकड्यांची पद्धत जॉर्डनेअर्स या गायकवृंदातील नील मॅथ्यूज याने बसवली. गाण्याची सुरुवात कशी व्हावी, दोन ओळींमधली जागा कोणी भरावी, कुठे गप्प राहावे, हे त्या तीन तासांत वादकच ठरवत. मग ‘मूळ कलाकार’ या शब्दांत ते का मोजले जाऊ नयेत?

हँक लॉकलिनचे १९६० चे ‘प्लीज हेल्प मी, आय’म फॉलिंग’ घ्या. गीतकारांपैकी डॉन रॉबर्टसनने नमुन्याच्या ध्वनिमुद्रणात पियानो एका खास ढंगाने वाजवला होता. बोट आधी शेजारच्या पट्टीवर पडते आणि क्षणार्धात घसरून हव्या त्या सुरावर येते, जणू गायकाचा गळा किंचित भरून आला आहे. चेट अ‍ॅटकिन्स या निर्मात्याच्या सांगण्यावरून क्रेमरने तो ढंग उचलला आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. संचात या गाण्याचे नंतरचे ध्वनिमुद्रण आहे. सूर तेच, जागा त्याच, पण बोट घसरत नाही. प्रत्येक सूर नीट, वेळेवर, जागच्या जागी वाजतो. मी दोन्ही लागोपाठ तीनदा ऐकली, आणि प्रत्येक वेळी नंतरच्या ध्वनिमुद्रणात लॉकलिनचे शब्द हलके वाटले.

मार्टी रॉबिन्सचे १९६१ मध्ये आलेले ‘डोन्ट वरी’ सुदैवाने मूळच आहे. शांत चाललेल्या त्या गाण्याच्या मध्यावर ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बास अचानक फाटल्यासारखा घरघरतो. ध्वनिमिश्रणाच्या यंत्रातील एक वाहिनी बिघडली होती, आणि तो बिघाड तसाच ठेवायचे ठरले. पुढे जगभर गाजलेल्या ‘फझ’ आवाजाच्या आरंभीच्या नोंदींत हिची गणना होते. पुस्तिकेत याबद्दल एक अक्षर नाही, मार्टिनचे नाव तर नाहीच.

पुन्हा गायलेले सगळेच कमअस्सल असते, असे मात्र नाही. पॅट्सी क्लाइनचे ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ पहिल्यांदा १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९५७ मध्ये गाजले. निर्माता ओवेन ब्रॅडली होता आणि स्टील गिटारवर, एके काळी कंट्री गायक हँक विल्यम्सला साथ करणारा, डॉन हेल्म्स होता. १९६१ मध्ये, जीवघेण्या मोटार अपघातातून उठल्यानंतर काही आठवड्यांतच, तिने ते ब्रॅडलीकडेच जॉर्डनेअर्सच्या साथीने पुन्हा गायले. संचात हे दुसरे आहे. त्यात आवाज अधिक भरीव आहे, घाई नाही, आणि मागचे पुरुषस्वर तिला हळुवार उचलून धरतात. मला ते पहिल्याइतकेच प्रिय आहे. पण पुढे छापलेले १९५७ वाचून कोणी हीच ती पहिली साथ समजला, तर हेल्म्सची ती विव्हळणारी स्टील गिटार त्याला कधी ऐकायलाच मिळणार नाही, आणि आपण काय गमावले हेही कळणार नाही.

त्या काळी नावे छापत नसत, ही सबब आज चालणार नाही. फ्लॉइड क्रेमरला २००३ मध्ये, हॅरल्ड ब्रॅडलीला २००६ मध्ये आणि ग्रेडी मार्टिनला, मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, २०१५ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. कोणत्या गाण्यावर कोण होते, याच्या बऱ्याच नोंदी अभ्यासकांनी जमवलेल्या आहेत. संचाच्या पुस्तिकेत गायकांच्या छायाचित्रांना आठ पाने दिली आहेत; त्यांतली दोन कमी करून प्रत्येक गाण्याखाली ध्वनिमुद्रणाचे खरे साल, स्टुडिओ आणि वादकांची नावे सहज बसली असती. आहे त्या रूपात हा संच मी कोणाला सुचवणार नाही. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी तिसरी सीडी जपावी, ‘डोन्ट वरी’ तिच्यावर आहे. आणि ‘आय वॉक द लाइन’साठी सन स्टुडिओचे ध्वनिमुद्रण वेगळे मिळवून कागदाची ती खसखस एकदा तरी ऐकावी.